लाभ

आमच्या हर्णैतून खोके जातात ते पापलेटचे.
उलटा येतो तो एकच, पुण्याच्या रातराणीनं दापोलीला,
त्याच पांढऱ्या थर्माकोलचा,
आत बर्फाची पुडकी आणि मधे आठ बाटल्या, पाण्यासारख्या.
"बर्फाला चिकटता कामा नयेत," रुबिया सिस्टर म्हणते,
"गोठलं की फुकट."
मी म्हटलं, बाई, उभा जन्म बर्फात गेला,
मला नको शिकवू.
तरी मधे टॉवेल घातला.

पडवीत काट्याचा आकडा होता, सुरमई तोलायचा.
त्याला आता बाटली लटकते.
खाली खाटेवर हे.
पस्तीस वर्षं तांडेल. गेल्या नारळी पुनवेला
यांच्या हातातून नारळ निसटला,
पाण्यात पडायच्या आधी होडीतच फुटला.
लोक म्हणाले, अपशकुन.
डॉक्टर म्हणाले, नसा.

बाटलीत आहे तरी काय, विचारलं,
तर हजार माणसांच्या रक्तातून गाळून काढलेलं काहीतरी.
कोण कुठली माणसं. त्यांना हर्णै ठाऊक नसेल.
एका बाटलीचा दर सांगितला तेव्हा
बंदरावरच्या सवयीनं मी निम्म्याला बोली लावली.
सिस्टर हसली नाही.

मग विम्याचा कागद:
रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता, सबब दावा अमान्य.
आम्ही खरं तेच लिहिलं होतं.
रुग्णालयाचं नाव: घर.
खाट क्रमांक: एकच आहे.
दुसऱ्या कागदात, जवळपास खाट मिळाली नाही याचा दाखला जोडा.
तिसऱ्यात, घरचा उपचार किमान तीन दिवसांचा हवा.
सहा तासांत संपतं हो ते.
मी काय थेंब अडवून धरू?

पॉलिसी विकणारा उदय शिगवण फोनवर म्हणतो,
काकू, एक रात्र दाखल करा, सगळं बसतं.
म्हणजे खाटेचं भाडं, डबा, रिक्षा, जागरण,
आधी खर्च वाढवा, मग ते देणार.
माशाला पाणी पाजून वजन वाढवतात,
त्यातलाच प्रकार.

होडीवर असं नसतं.
आलेल्या म्हावऱ्याचे वाटे पडतात,
होडीचा, जाळ्याचा, डिझेलचा, मग माणसांचे.
तापानं घरी पडलेल्याचा अर्धा वाटा
ओल्या फडक्याखाली झाकून ठेवतात.
ताप घरचा की दवाखान्यातला, कोणी विचारत नाही.
विमाही म्हणे तसाच, हजारांनी मिळून ठेवलेला.
मग माझ्या फडक्याखाली
हा कोणाचा हात?

धाकटी प्रणिता रात्री पॉलिसी वाचते.
सोळाव्या पानावर, चिंगळाएवढ्या अक्षरांत,
यांच्या औषधाचं नाव सापडलं तिला.
'घरी' हा शब्द नाही सापडला.
तिनं लोकपालाला लिहिलं. पुन्हा लिहिलं.
चार महिन्यांनी पैसे आले,
एक लाख बारा हजारांतले एकाहत्तर.
सिस्टरची फी, अमान्य. नळी, सुई, हातमोजे, अमान्य.
बाकी म्हणे वाजवी दरानं कापले.
वाजवी कोणी ठरवला?
लिलावाला उभे किती जण होते?

असो. एकेचाळीस हजार माझ्या बांगड्यांनी भरले,
आणि पुढच्या दाव्याचा फॉर्म प्रणितानं भरून ठेवलाय,
खाट क्रमांकाच्या चौकटीत तेच उत्तर.

काल तीन आठवडे पुरे झाले.
लाईट दोनदा गेली, बाटल्या वाचल्या.
सिस्टरनं शीर शोधली, नळीतली हवा काढली,
चाक सैल केलं.
यांनी डोळे मिटले.
मी समोर पाटावर बसून मोजायला घेतलं,
पहिल्या टोपलीला मोजतो तसं, एक न म्हणता:
लाभ.
दोन.
तीन.